मुक्या सोबत्याचें पोट

कुत्रा ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला असतां आमचे विद्यार्थी काय लिहितात, हें आतां आम्हांस न वाचतांच सांगतां येईल. गेलीं वीसबावीस वर्षें आम्ही असे निबंध तपाशीत आलों आहों. कुत्रा इमानी असतो, तो घराची राखण करितो, खाल्ल्या अन्नास जागतो, आणि धर्मराजानें त्याच्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारिलें, इतकें सर्वांच्या वह्यांत असतें. शेवटीं "म्हणून आपण कुत्र्यावर प्रेम केलें पाहिजे" असें एक वाक्य येतें व निबंध संपतो. ह्या वाक्याविरुद्ध आमचें कांहींएक म्हणणें नाहीं. मात्र प्रेम करावयाचें म्हणजे नक्की काय करावयाचें, हें त्या निबंधांत कोणी सांगत नाहीं. कुत्र्याचें इमान सर्वांस ठाऊक. त्याचें पोट कोणास ठाऊक नाहीं. आज त्या पोटांतील जंतांविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय ऐकून कोणी नाक मुरडील. पण जी गोष्ट आपल्या अंगणांतून मुलांच्या नखांत, आणि कधीं कधीं आपल्या काळजांत येऊन बसते, तिच्याकडे नाक मुरडून चालत नाहीं.

आमच्या बोर्डिंगाच्या रखवालदारांस सर्व मुलें मामा म्हणतात. त्यांनीं लाली नांवाची एक तांबूस कुत्री पाळिली होती. सन २०१६ च्या जानेवारींत ती स्वयंपाकघरामागील लांकडें ठेवण्याच्या पडवींत व्याली व तिला चार पिलें झालीं. मधल्या सुटींत त्या पडवीपाशीं मुलांची गर्दी होऊं लागली. पिलांचीं पोटें नगाऱ्यासारखीं फुगलेलीं पाहून "किती गुटगुटीत आहेत!" असें जो तो म्हणे. मामांनाही त्याचें कौतुक वाटे. परंतु पिलांच्या पाठीवरून हात फिरविला तर बरगड्या हातास लागत, केंस राठ झालेले असत, आणि एवढें दूध पिऊनही तीं रात्रभर कुईंकुईं करीत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत त्यांतील एका पिलास ओकारी झाली व तींत शेवयांसारखे पांढुरके, वळवळणारे जंत पडले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें पिलूं गेलें. मुलांनीं त्यास चिंचेखालीं पुरलें. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. आमच्या स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "पोरांनीं पेढे भरवले, गोडानें जंत होणारच."

पुढें तीनचार दिवसांनीं १० फेब्रुवारी ही तारीख आली. सन २०१५ पासून आपल्या देशांत हा दिवस राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळिला जातो, व शाळाशाळांतून मुलांस अल्बेंडाझोल ह्या औषधाची गोळी चावून खावयास देतात. आमच्या वर्गांतही गोळ्या वाटल्या गेल्या. तेवढ्यांत पांचवींतील एक लहानगा उठून म्हणाला, "सर, आमची गोळी आम्हांला मिळाली. लालीच्या पिलांना गोळी कोण देणार?" सारा वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं, कारण मुलाचा प्रश्न बरोबर होता. तीन पिलें अद्याप जिवंत होतीं, आणि त्यांच्या अंगणांत आमचीं साठ मुलें अनवाणी खेळत होतीं.

त्याच दिवशीं संध्याकाळीं आम्ही तालुक्याच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यांत गेलों. तेथील डॉक्टर मोठे सज्जन गृहस्थ. नुसती औषधाची चिठ्ठी न लिहितां दुसऱ्या दिवशीं ते स्वतः शाळेंत आले व म्हणाले, "मुलांना आधीं शत्रु दाखवूं, मग औषध देऊं." त्यांनीं हातमोजे घालून पिलांच्या विष्ठेचा वाटाण्याएवढा भाग घेतला, तो मिठाच्या दाट द्रावणांत कालवून गाळला, आणि तें द्रावण एका अरुंद नळींत कांठोकांठ भरून वर कांचेची पातळ चकती ठेविली. जंतांचीं अंडीं त्या खाऱ्या पाण्याहून हलकीं असल्यामुळें वर तरंगतात व पंधरावीस मिनिटांत कांचेस चिकटतात. मग ती चकती आमच्या प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवून त्यांनीं एकेका मुलास जवळ बोलाविलें. तपकिरी रंगाचीं, जाड व खडबडीत कवचाचीं वाटोळीं अंडीं आम्हीं सर्वांनीं पाहिलीं. एका मिलिमीटराचे बारा भाग केले तर त्यांतील एका भागाएवढें तें एकेक अंडें असतें. हे कुत्र्यांचे गोलकृमि. लालीच्या विष्ठेंत ह्यांखेरीज दुसरींही अंडीं दिसलीं. तीं लांबट, पातळ कवचाचीं होतीं. तीं अंकुशकृमींचीं, असें डॉक्टरांनीं सांगितलें.

गोडानें जंत होतात, ही समजूत घरोघर आहे. पण पेढ्यांत जंताचें अंडें नसेल तर त्यापासून जंत कसा उत्पन्न होणार? बीं पेरल्यावांचून जसें झाड उगवत नाहीं, तसेंच हेंही आहे. मग अवघ्या तीन आठवड्यांच्या, मातीही न चाटलेल्या पिलांच्या पोटांत ते आले कोठून? ह्याचें उत्तर ऐकून मुलें थक्क झालीं. गोलकृमींचीं सूक्ष्म पिलें कुत्रीच्या स्नायूंत महिनोन् महिने, वर्षानुवर्षें निजून राहतात. कुत्री सुमारें त्रेसष्ट दिवस गाभण असते. त्यांतील शेवटच्या तीन आठवड्यांत हीं निजलेलीं पिलें जागीं होतात व नाळेवाटें गर्भांत शिरतात. कांहीं मागाहून दुधावाटें जातात. म्हणजे पिलूं डोळे उघडण्यापूर्वींच त्याच्या पोटांत हा पाहुणा येऊन बसलेला असतो, आणि तीन आठवड्यांत तो अंडीं घालूं लागतो. एक मादी दररोज हजारों अंडीं घालते. कधीं ही संख्या लाखावरही जाते. आई पिलांना चाटून स्वच्छ करिते, तेव्हां तिच्याही पोटांत पुन्हां तींच अंडीं जातात.

अंकुशकृमीची तऱ्हा निराळी. तो आंतड्यास दांतांनीं धरून रक्त शोषितो. मुलांस हें नीट समजावें म्हणून आम्हीं फळ्यावर एक उदाहरण घातलें. असा एक कृमि दिवसास सुमारें एक दशांश मिलिलिटर रक्त घालवितो. शंभर कृमि असतील तर दिवसास दहा मिलिलिटर. एक किलो वजनाच्या पिलाच्या अंगांत सगळें मिळून रक्त ऐंशी-नव्वद मिलिलिटर. तर तें पिलूं किती दिवस तग धरील? हिशेब करतां करतां वर्ग शांत झाला. एरवीं गणितास कंटाळणाऱ्या मुलांनींही तो हिशेब पुरा केला.

अंकुशकृमीचीं पिलें ओलसर, उबदार मातींत आठपंधरा दिवसांत तयार होतात व अनवाणी पायाच्या कातडींतून आंत शिरूं शकतात. ही गोष्ट जगास कशी कळली तें ऐकण्यासारखें आहे. आर्थर लूस नांवाचे एक जर्मन शास्त्रज्ञ इजिप्तमध्यें कैरो येथें मनुष्याच्या अंकुशकृमींचा अभ्यास करीत होते. १८९८ सालच्या सुमारास, प्रयोग करीत असतां त्या पिलांनीं भरलेल्या पाण्याचे थेंब त्यांच्या हातावर सांडले. हात चुणचुणूं लागला, लाल झाला, आणि कांहीं आठवड्यांनीं त्यांच्याच पोटांत अंकुशकृमि सांपडले. तोंडावाटेंच जंत जातात हा जुना समज तेव्हां मागें पडला. कुत्र्यामांजरांच्या अंकुशकृमींचीं पिलें मनुष्याच्या कातडींत शिरलीं म्हणजे बहुधा आंत फार दूर जात नाहींत. कातडीखालींच नागमोडी रेघा काढीत फिरतात व भयंकर खाज सुटते. मात्र त्यांतील एक जात मनुष्याच्या आंतड्यांतही सुखानें राहते. तिची ओळख लूस ह्यांनींच १९११ सालीं सिलोनांतील एका उदमांजराच्या पोटांतून करून दिली, आणि १९१३ सालीं क्लेटन लेन ह्या डॉक्टरांनीं ती हिंदुस्थानांतील माणसांच्या पोटांत असल्याचें दाखविलें.

गोलकृमीचें अंडें मनुष्याच्या पोटांत गेलें तर त्यांतून निघालेलें पिलूं आंतड्यांत वाढत नाहीं. आपलें घर शोधीत तें यकृत, फुप्फुस असें भटकत राहतें. बहुतेक मुलांस ह्याचा पत्ताही लागत नाहीं. पण क्वचित् तें डोळ्यांत जातें. १९५० सालीं अमेरिकेंत हेलेनॉर वाइल्डर ह्या विदुषींनीं मुलांचे कांहीं डोळे तपासले. कर्करोग झाला ह्या संशयावरून ते डोळे काढून टाकण्यांत आले होते. सेहेचाळीस डोळ्यांपैकीं चोवीस डोळ्यांत कर्करोग नव्हता, कृमीचें पिलूं होतें. पुढें त्यांतील कांहीं कृमि कुत्र्याच्या गोलकृमीचेच ठरले. हें सांगण्यांत कोणास भिवविण्याचा आमचा हेतु नाहीं. असें क्वचितच घडतें. पण ज्या मुलाचें घडतें त्याचा तो एकुलता डोळा असूं शकेल, हें विसरूं नये.

आतां धीर देणारी गोष्ट सांगतों. गोलकृमीचें अंडें विष्ठेंतून बाहेर पडतें तेव्हां तें बाधक नसतें. आंत पिलूं तयार होण्यास त्यास मातींत निदान दोनतीन आठवडे लागतात. एकदां तें तयार झालें म्हणजे मात्र वर्षानुवर्षें मातींत टिकतें. पाऊस, फिनेल ह्यांस तें दाद देत नाहीं. म्हणून जो रोजची घाण रोज उचलतो त्याचें अंगण बिघडत नाहीं. जो महिनाभर थांबतो त्यास पुढें कित्येक वर्षें त्या मातीची भीति बाळगावी लागते. आळसाचें व्याज किती भारी असतें, ह्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस सांपडलेलें नाहीं.

डॉक्टरांनीं औषध वजनावर असतें असें सांगितल्यामुळें मुलांनीं रद्दीवाल्याचा काटा मागून आणिला व पिलें एकेक तोलून त्यांचीं वजनें वहींत लिहिलीं. पिलांना पायरँटेलचें पातळ औषध मिळालें. लालीस गोळी मिळाली. नियम असा कीं पिलूं दोन आठवड्यांचें झालें म्हणजे पहिला डोस द्यावा, दर पंधरा दिवसांनीं दूध सुटेपर्यंत व त्यापुढें एकदां तो द्यावा, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि मोठ्या कुत्र्यास वर्षांतून निदान चार वेळां. आईस पिलांबरोबरच औषध द्यावयाचें. घरांत माणसांसाठीं आणिलेली गोळी अंदाजानें मोडून कुत्र्यास घालूं नये. कोणतें औषध व किती, तें गुरांच्या डॉक्टरांसच विचारावें.

ह्या सुमारास आम्हीं नववीच्या वर्गांत फळ्यावर पट्टकृमींचीं चित्रें काढिलीं. त्यांत एक पिसूबरोबर येणारा. पिसवांचीं पिलें त्याचीं अंडीं खातात, कुत्रा अंग चावतांना ती पिसू गिळतो, आणि मग त्याच्या शेंपटाखालीं काकडीच्या बियांसारखे किंवा तांदळाच्या दाण्यांसारखे हलणारे तुकडे दिसतात. त्यास औषध दिलें आणि पिसवा तशाच ठेविल्या तर पुन्हां पहिले पाढे पंचावन्न. दुसरा पट्टकृमि मात्र अगदीं इवलासा. लांबी पांचसहा मिलिमीटर, तीनचार पेरांचा. कुत्र्याच्या आंतड्यांत असे हजारों असले तरी कुत्रा धडधाकट दिसतो. त्याचीं अंडीं मात्र बाहेर पडतांच बाधक असतात. तीं चाऱ्यापाण्यावाटें मेंढ्यांच्या व हाताबोटांवाटें माणसांच्या पोटांत गेलीं म्हणजे यकृतांत किंवा फुप्फुसांत पाण्यानें भरलेली पिशवी वाढूं लागते. ती सावकाश, वर्षानुवर्षें वाढते. त्या पिशवींत नव्या कृमींचीं हजारों डोकीं असतात. तें यकृत किंवा फुप्फुस कच्चें कुत्र्याच्या पोटांत गेलें कीं चक्र पुरें झालें. जर्मनीचे फॉन सीबोल्ड ह्यांनीं १८५२-५३ सालीं अशा पिशव्या कुत्र्यांस खाऊं घालून त्यांच्या आंतड्यांत पट्टकृमि तयार होतात हें सिद्ध केलें.

हें सांगत असतां मागच्या बांकावरील एक मेंढपाळाचा मुलगा उभा राहिला. तो फार बोलणारा नव्हे. तो म्हणाला, "सर, माझ्या आईच्या पोटांतनं अशीच पिशवी काढली. नारळाएवढी होती." दोन वर्षांपूर्वीं एका मोठ्या इस्पितळांत तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. हा आजार कुत्र्यामुळें होतो, एवढेंच कोणी त्यांस सांगितलें. बापानें घरीं येऊन आपलीं दोन्ही कुत्रीं हांकलून दिलीं. त्या वर्षीं लांडग्यांनीं त्यांचीं कोंकरें नेलीं, आणि शेवटीं त्यास दुसरीं कुत्रीं आणावीं लागलीं. हें सांगून मुलगा क्षणभर थांबला व फळ्यावरील चित्राकडे पाहून म्हणाला, "म्हणजे कुत्र्याला हा आजार आम्हीच देतों कीं, सर. बकरं कापलं कीं पाण्याच्या फोडांचं फोफसं कोणी खात नाहीं. तें आम्ही कुत्र्यापुढं टाकतों."

त्या मुलाच्या तोंडून जें निघालें तें एका संपूर्ण देशास शिकावयास कित्येक वर्षें लागलीं होतीं. तो देश म्हणजे उत्तर अटलांटिक महासागरांतील आइसलँड. दीडशें वर्षांपूर्वीं तेथील वस्ती साठसत्तर हजार, मेंढ्या विपुल, आणि मेंढ्यांमागें कुत्रीं. हा पिशव्यांचा रोग तेथें इतका माजला होता कीं डेन्मार्कच्या सरकारनें १८६३ सालीं हाराल्ड क्राब्बे नांवाच्या शास्त्रज्ञास चौकशीसाठीं तिकडे पाठविलें. त्यांनीं शंभर कुत्र्यांचीं पोटें तपासलीं. अठ्ठावीस कुत्र्यांत हा पट्टकृमि मिळाला. पुढच्या वर्षीं, म्हणजे १८६४ सालीं, लोकांच्या स्वतःच्या भाषेंत एक लहानसें पुस्तक छापून तें घरोघर फुकट वांटण्यांत आलें. आइसलँडांत हिंवाळ्याच्या लांब रात्रीं घरांतील सर्व माणसें एकत्र बसून लोंकर विंचरीत, सूत कातीत, आणि एकजण मोठ्यानें वाचून दाखवी. असें वाचणाऱ्या लोकांच्या हातीं तें पुस्तक पडलें. १८६९ सालीं कायदा झाला कीं कुत्र्यांवर कर द्यावा आणि कापलेल्या जनावरांतील पिशव्या जाळाव्या किंवा पुराव्या. १८९० सालीं कुत्र्यांस दरवर्षीं औषध देण्याचा नियम झाला. ह्या सर्वांचें फळ हळूहळू आलें. १८६० नंतरच्या दशकांत जन्मलेल्या पुष्कळ लोकांच्या अंगीं मरणोत्तर तपासणींत ह्या पिशव्या सांपडल्या. विसाव्या शतकांत जन्मलेल्यांत त्या जवळजवळ दिसेनाशाच झाल्या. आज तो रोग तेथून नाहींसा झाला आहे.

न्यूझीलंडनेंही हाच मार्ग धरिला. तेथें १९५९ सालीं ह्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला, व २००२ सालीं देश ह्या रोगापासून तात्पुरता मुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. तेथें कुत्र्यांस पूर्वीं जें औषध देत, तें सुपारींत असलेल्या अरेकोलीन ह्या द्रव्याचें होतें. आमच्या कोंकणांतील जी सुपारी आपण पानांत घालून थुंकतों, तिच्याच सत्त्वानें सातासमुद्रांपलीकडील कुत्र्यांचीं पोटें साफ झालीं, हें ऐकून कोंकणांतील आमच्या मुलांस मोठी मौज वाटली. आतां त्याच्या जागीं प्राझिक्वांटेल हें अधिक सुरक्षित औषध आलें आहे. कच्चें यकृत खाल्ल्यापासून कुत्र्याच्या पोटांत तो कृमि अंडीं घालावयास लागेपर्यंत सुमारें सहा आठवडे जातात. तेवढ्या मुदतींत औषध मिळत राहिलें तर चक्र तुटतें.

फेब्रुवारीअखेर पालकसभा भरली, तेव्हां पिलूं मेल्याची व जंतांची वार्ता सर्वत्र पसरली होती. एक पालक उठून म्हणाले, "सर, आम्ही मुलें शिकायला ठेवलीं आहेत, कुत्र्यांचे जंत घ्यायला नाहीं." दुसऱ्यांनीं सुचविलें कीं आईसकट पिलें पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून द्यावीं. मामा दाराशीं उभे होते. त्यांच्या तोंडून शब्द निघेना. पालकांचा राग अन्यायाचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्यास मुलें आहेत त्यास भीति असावयाचीच. आम्हीं सभेस इतकेंच विचारलें कीं, नदीपलीकडे जें गांव आहे तेथें मुलें नाहींत काय? आणि लाली गेली म्हणून अंगणांतील मातींत पडलेलीं अंडीं तिच्याबरोबर जातील काय? मग वहींतील नोंदी वाचून दाखविल्या, सकाळच्या घंटेपूर्वीं पाळीपाळीनें अंगण साफ करणाऱ्या मुलांचीं नांवें सांगितलीं, आणि त्या मेंढपाळाच्या मुलाची गोष्ट, त्याच्या परवानगीनें, सांगितली. सभा बराच वेळ गप्प होती. अखेर तीन महिन्यांची मुदत मिळाली. अट अशी कीं पडवीपुढील माती खरवडून काढावी, पिलें चांगल्या घरीं द्यावीं, लालीस पुन्हां पिलें न होण्याची शस्त्रक्रिया करावी, आणि मुलांनीं पायांत चपला घालाव्या. अटी कडक होत्या आणि योग्य होत्या.

मे महिन्यांत डॉक्टरांनीं पुन्हां विष्ठा तपासली. कांच स्वच्छ होती. दोन पिलें विद्यार्थ्यांच्या घरीं गेलीं. प्रत्येकाबरोबर औषधाच्या तारखांचा एक कागद मुलांनीं लिहून दिला. तिसरें लालीजवळ राहिलें. मेंढपाळाच्या मुलानें त्या सुटींत आपल्या वाड्यावर एक खड्डा खणला, व कापलेल्या बकऱ्याचीं फोफसें आणि काळजाचे फोड आलेले भाग त्यांत पुरून वर दगड ठेवावयास बापास लाविलें. ही गोष्ट त्यानें आम्हांस जूनमध्यें सांगितली, तीही विचारल्यावर.

आपल्याकडे नामदेवांची कथा सर्वांस माहीत आहे. कुत्र्यानें पोळी पळविली, तेव्हां कोरडी पोळी त्यास कशी उतरेल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. त्या तुपांत जें प्रेम होतें तें आजही हवें आहे. परंतु आज आपणांस नामदेवांच्या काळीं नसलेलें एक ज्ञान मिळालें आहे. ज्याच्यापुढें आपण पोळी टाकतों, त्याच्या पोटांतील जंतांचें औषधही आपणच द्यावयाचें, हें त्या प्रेमांतच आलें. दया म्हणून शिळा तुकडा टाकावयाचा, भीति वाटली कीं दगड मारावयाचा, आणि मधल्या काळांत विचारपूस करावयाची नाहीं, ही रीत मुक्या जनावरास व आपल्या मुलांस, दोघांसही घातक आहे.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. कुत्रें पाळावयाचें असेल तर औषधाचा खर्च पहिल्या दिवशींच हिशेबांत धरावा. अंगणांतील घाण रोज उचलून पुरावी. मुलांचीं नखें कापावीं. जेवणापूर्वीं साबणानें हात धुण्याची संवय लावावी. भाजी व कोशिंबिरीचा पाला स्वच्छ पाण्यांत धुवावा. वाळूचे व मातीचे ढीग, जेथें लहान मुलें खेळतात, ते झांकून ठेवावे. कच्चें काळीज किंवा फोफसें कुत्र्यापुढें कधींही टाकूं नये. द्यावयाचेंच असेल तर अर्धा तास चांगलें उकळून द्यावें, आणि पाण्याचे फोड दिसले तर खोल पुरावें. पिलाचें पोट फुगलेलें दिसलें म्हणजे तें गुटगुटीत आहे असें समजून आनंद मानूं नये. त्यास दवाखान्यांत न्यावें.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्याकडे एक काम आहे. आमच्याकडे हिंवाळ्याच्या रात्रीं आइसलँडाएवढ्या लांब नसतात हें खरें. तरी जेवणें आटोपल्यावर घटकाभर घरांतील सर्व माणसें एकत्र बसतात. ज्यांच्या घरीं आजीस वाचतां येत नाहीं, ज्यांच्या वडिलांस वेळ मिळत नाहीं, त्यांनीं हीं पानें तेथें मोठ्यानें वाचून दाखवावीं. शेजारचा मेंढरें राखणारा मनुष्य ओसरीवर येऊन बसला असेल तर त्यासही ऐकवावीं. ऐकतांना कोणी हंसला तर हंसूं द्यावें. वाचून झाल्यावर अंगणांत जाऊन आपल्या कुत्र्याचीं हिरडीं गुलाबी आहेत कीं पांढरीं, तेवढें पहावें, आणि पांढरीं असलीं तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यास घेऊन दवाखान्याची वाट धरावी.